नातवाचं इन्स्टा आणि आबांचं आधार कार्ड

मेलबर्नच्या एका ताईंनी विचारलंय, मुलगा १५ चा, त्याचं इन्स्टा बंद झालं, आता सुट्टीत कोथरूडला असताना काढलेला आबांच्या आधार कार्डाचा फोटो वापरून त्यांच्या नावाने अकाऊंट काढतो म्हणतोय, काढू द्यायचं का?

ताई, अजिबात नको. १० डिसेंबर २०२५ पासून तुमच्याकडे १६ खालच्या मुलांना सोशल मीडियावर अकाऊंट ठेवता येत नाही, पण दंड कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत, मुलाला किंवा तुम्हाला नाही, त्यामुळे घाबरू नका. आजीशी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल चालूच राहणार, तो यात येत नाही.

माझी खरी काळजी आबांच्या कार्डाची आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपच्या सुमारे ७० हजार युजर्सच्या ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असावेत असं कंपनीनेच सांगितलं, वयाच्या तक्रारींसाठी लोकांनी दिलेले, आणि डिस्कॉर्डच्या म्हणण्याप्रमाणे हॅक झाली होती बाहेरची एक कंपनी जिच्याकडे हे काम दिलेलं होतं. तुमच्याकडचा कायदा सांगतो की वय तपासून झालं की माहिती नष्ट करा, पण ती खरंच केली का हे बघायला आपण कुठे जाणार? पासवर्ड गेला तर बदलता येतो हो, आधार नंबर कसा बदलणार?

उद्या तुमचंच वय कुणी विचारलं तर लक्षात ठेवा, तिथे सरकारी ओळखपत्र हा एकच पर्याय कंपनीला ठेवता येत नाही, दुसरा मागा.

आमच्याही फॅमिली ग्रुपवर मध्यंतरी गणपतीच्या फोटोंमध्ये सासूबाईंचं आधार सापडलं, चादरीवर ठेवून काढलेलं, कोपऱ्यात त्यांचा अंगठा, आणि ग्रुपमध्ये चाळीस माणसं! कुठल्यातरी हॉटेल बुकिंगसाठी टाकलेलं, मग तसंच राहिलं. तुम्हीही मुलाच्या गॅलरीतून, ट्रॅशमधून, बॅकअपमधून तो फोटो काढून टाका, पण त्याच्यासमोर बसून, कारण सांगत, ओरडू नका, मित्र तुटल्यासारखं वाटतंय त्याला, ते खरंच आहे.

आबांना यापुढे कुठे द्यायचंच झालं तर मास्क्ड आधार द्यायला सांगा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि बायोमेट्रिक, म्हणजे आधारमधले बोटांचे ठसे, डोळे वगैरे, लॉक करून घ्या, ते सकाळी चहाला बसतात तेव्हा तुमच्याकडे दुपार असते, तेव्हाच फोन करा, फक्त आधारला जोडलेला मोबाईल त्यांच्या हाताशी हवा, ओटीपी त्यावरच येतो.