मडगावचा आमचा ग्रुप भांडतोय: डॉक्टर हू ही ब्रिटिश सायन्स-फिक्शन मालिका (१९६३ ची, २००५ ला नव्याने सुरू झालेली) नवीन माणसाने २००५ पासून बघावी की २०२४ पासून?

२००५ पासूनच बघायला सांगा, २०२४ ला सीझनचा आकडा परत १ केला तरी गोष्ट तीच पुढे चाललीय. मी २००५ नंतरचं सगळं दोनदा बघितलंय आणि इथे फोंड्यात भावंडांना दोन्हीकडून सुरू करून दिलंय, २०२४ वाले मध्येच अडकले. कारण २००५ चा पहिला एपिसोड लंडनच्या दुकानात काम करणाऱ्या रोझच्या नजरेतून आहे, तिलाही काहीच माहीत नसतं, त्यामुळे टार्डिस (डॉक्टरचं काळात फिरणारं यान) काय, डॉक्टर कोण हे आपल्याला तिच्याबरोबरच कळत जातं, आणि ते फार सुंदर जमलंय. २०२४ मध्ये हेच सगळं डॉक्टर भराभर बोलून सांगतो, आणि त्या सीझनचा मुख्य व्हिलन तर थेट १९७५ च्या गोष्टीतला. २०२० मध्ये डॉक्टरचं मूळच बदललं, त्यावरून फॅन्स अजून भांडतात, पण आधीचं बघितलं नसेल तर तो धक्का बसणारच कसा? फक्त २००५ चे इफेक्ट्स आज खूप जुने वाटतात, प्लॅस्टिकचे पुतळे वगैरे. ते अजिबातच सहन होत नसेल तर मॅट स्मिथ हा नट डॉक्टर झाला त्या २०१० च्या पहिल्या एपिसोडपासून धरा, तिथे डॉक्टर, त्याची सोबती, मुख्य लेखक सगळेच नवे आहेत.