फवारणी करूनही गावाकडच्या घरात डास-माश्या परत येतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की घर गावात आहे, अंगणाला लागून गोठा, मागे खताचा ढीग, दर पंधरा दिवसांनी फवारणी करता तरी चार दिवसांत परत डास, आणि घरात दोघांना डेंग्यू होऊन गेलाय. औषध बदलावं का असं विचारलंय. माझं मत विचाराल तर औषध बदलू नका, वार बदला.

म्हणजे काय ते सांगतो. गरम हवेत डासाचं अंडं ते उडणारा डास हा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांत संपतो. तुम्ही पंधरा दिवसांनी फवारता आणि ती फवारणी मारते फक्त उडणाऱ्यांना, पाण्यातल्या अळ्यांना तिचा पत्ताच नसतो, म्हणजे दोन फवारण्यांच्या मधे एक अख्खी नवीन पिढी आरामात बाहेर पडते आणि तुम्हाला वाटतं औषधात दम नाही. धुराच्या मशीनचंही तेच, धूर गेला की संपलं. साथ चालू असताना धुराचा थोडाफार उपयोग आहे, पण रोजचा उपाय म्हणून तो बघण्यापुरताच.

मीही दोन पावसाळे हेच केलं. आमच्याकडे पाण्याचे तीन ड्रम होते, सगळे झाकलेले, मला खात्री की आपल्याकडे डास होणं शक्यच नाही. झाकण म्हणजे प्लास्टिकचा कागद आणि वर दोरी. एक दिवस ड्रम हलवताना बघितलं तर कागद मधे खोलगट झालेला, त्यात तांब्याभर पावसाचं पाणी साचलेलं आणि त्या पाण्यात अळ्या वळवळतायत! आत पाणी एकदम स्वच्छ, आणि झाकणावर पैदास. त्या दिवसापासून मी झाकण आहे का हे बघत नाही, झाकणावर काय आहे ते बघतो.

डेंग्यूचा डास गटारात होत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण बहुतेक लोक गटाराला शिव्या देतात आणि रांजण तसाच ठेवतात. हा डास, एडिस, पायावर पांढरे पट्टे असतात, घराजवळच्या साठवलेल्या पाण्यात होतो. हौद, ड्रम, टायर, फुटकी बादली, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, जनावरांचं पाणी प्यायचं टाकं. आणि तो अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवतो. ती काळी, खसखशीपेक्षाही बारीक अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी परत तिथपर्यंत चढलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भांडं उपडं घालणं अर्धंच काम, आतून काथ्याने किंवा ब्रशने खसाखसा घासायचं, विशेषतः पाण्याची रेषा असते तिथे, मग धुवून उन्हात वाळवायचं. हे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. यालाच कोरडा दिवस म्हणतात. आठवडाच का, तर सात दिवस हे आठ-दहापेक्षा कमी आहेत, बस एवढंच गणित.

हे काही नवीन नाही. 1901 साली हवानामध्ये विल्यम गोर्गस नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने पिवळा ताप याच रस्त्याने हटवला, तो ताप पसरवणाराही हाच एडिस. माणसं घरोघरी पाठवून पाण्याची पिंपं झाकून घेतली, साचलेल्या पाण्यावर रॉकेल टाकलं, आणि त्याच वर्षात शहरातला पिवळा ताप बंद पडला. तेव्हा डीडीटी कीटकनाशक म्हणून कोणाला माहीतही नव्हतं.

जी टाकी रिकामी करताच येत नाही तिथे गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात. पण नदी-तळ्यात सोडू नका, तिथले मूळचे मासे आणि बेडूक यांची वाट लागते. मासे नको असतील तर अळीनाशक मिळतं, वापराच्या पाण्यात टेमीफॉस ठरलेल्या मापाने टाकतात, मात्र ते माप आरोग्य खात्याच्या माणसाकडूनच घ्या, अंदाजपंचे नको. बीटीआय नावाचं जिवाणूंचं औषधही चांगलं, पण ते अळीने खाल्लं तरच चालतं. स्वल्पविरामासारखे वाकडे दिसणारे जे असतात ते कोष, ते काही खातच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर बीटीआय वाया. कोष दिसले तर पाणी सरळ जमिनीवर ओतून द्या, दोन दिवसात डास होणार आहेत ते.

सांडपाण्याचा डास वेगळा, क्युलेक्स, रात्री चावतो, हत्तीरोग पसरवतो. त्यासाठी मोरीचं पाणी मोकळं न सोडता शोषखड्ड्यात घाला, खाली मोठे दगड, वर बारीक, आणि खड्डा पिण्याच्या विहिरीपासून लांब. डबक्यावर जळकं ऑइल टाकायची पद्धत आहे, तवंगामुळे अळ्यांना वर येऊन श्वास घेता येत नाही, पण पाणी आणि माती दोन्ही खराब होते, मी तरी सोडलं ते. आणि एक गोष्ट लोक विसरतात, संडासाच्या टाकीचा व्हेंट पाइप. त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. हजारो डास तिथून बाहेर पडतात आणि आपण खिडकीला जाळ्या लावत बसतो.

हिवतापाचा ॲनोफिलीस परत निराळा, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात होतो, रात्री चावतो आणि चावून झाल्यावर बऱ्याचदा घरातल्या भिंतीवर बसून राहतो. म्हणून त्याच्यासाठी भिंतीवरची फवारणी खरंच कामाची, आणि फवारून गेल्यावर त्या भिंती लगेच लिंपू नका की चुना मारू नका, औषध झाकलं जातं. एडिस मात्र पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत, अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो, तो या फवारणीतून बराचसा निसटतो. रात्री औषध लावलेली मच्छरदाणी वापरा, कडा गादीखाली खोचून. दुपारी लहान बाळ झोपवाल तेव्हाही लावा, एडिस दिवसाचाच चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त.

आता माश्या. घरमाशीचा कारखाना म्हणजे गोठ्यातलं शेण आणि तो मागचा ढीग. एक माशी एका वेळी शंभरेक अंडी घालते आणि गरम हवेत तिचंही आठवडा-दहा दिवसांत आटपतं. म्हणून गोठा रोज साफ, ओलं वैरण-शेण कोपऱ्यात कुजू द्यायचं नाही, आणि ढीग घरापासून जमेल तितका लांब. ढिगाच्या पोटात हात घालून बघा, चटका बसतो, तिथे अळी जगत नाही. ती जगते बाहेरच्या थंड ओलसर थरात. त्यामुळे आठवड्याला ढीग वरखाली करायचा, बाहेरचं आत ढकलायचं, मग जाड प्लास्टिकने घट्ट झाकायचं. मी हे करायला लागल्यावर स्वयंपाकघरातल्या माश्या जेवढ्या कमी झाल्या तेवढ्या चिकट कागदाने कधीच झाल्या नव्हत्या.

गोठ्याजवळ अजून एक पाहुणी असते, वाळूमाशी. डासापेक्षा बरीच लहान, केसाळ, पंख वर धरून बसते आणि टुणटुण उड्या मारत उडते. काळा आजार हिच्यामुळे पसरतो. ही पाण्यात होत नाही, भिंतीच्या भेगा, ओली माती, शेणामातीचे कोपरे यात होते, आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत येते. तेव्हा भेगा बुजवणं, गोठ्याची जमीन कोरडी ठेवणं आणि झोपायची जागा जनावरांपासून दूर ठेवणं, हेच मुख्य.

उंदीर असतील तर ऐका, आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. उंदीर मेला, थंड पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवीन शरीर शोधत निघतात आणि सगळ्यात जवळ आपणच असतो. घराभोवतीचं गवत-झुडूप कापून ठेवा, त्यात चिगर नावाचे किडे असतात, म्हणजे माइट्सची पिल्लं, डोळ्याला धड दिसत पण नाहीत. त्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. ताप आणि अंगावर कुठेतरी सिगरेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली दिसली तर डॉक्टरला मुद्दाम दाखवा, काखेत जांघेत असते, आपलं लक्षच जात नाही.

एक हात जोडून सांगणं. शेतात फवारायचं औषध उरलंय म्हणून ते घरात मारू नका. माझ्या ओळखीत एकाने पलंगाखाली मारलं आणि रात्रभर सगळ्यांना उलट्या. कॉइल पण बंद खोलीत लावून झोपू नका. आवाजाने डास पळवणारी यंत्रं आणि मोबाइल ॲप, त्यात काही दम नाही. निळ्या लाइटचा सापळा मारतो बरंच काही, पण त्यात चावणारे डास फार थोडे. धुरीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, ठीक आहे.

आणि घरात परत कोणाला ताप आला तर रक्त तपासल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाची भीती असते.

सुरुवातीला फरक दिसणार नाही, जे डास आधीच उडतायत ते दोन-तीन आठवडे जगतात, तेवढा धीर धरा. पण पहिल्या कोरड्या दिवशी हातात टॉर्च घ्या आणि जनावरांच्या पाण्याच्या टाक्यापासून सुरुवात करा, तुमच्या वर्णनावरून मला तरी तिथलाच संशय येतोय. आणि ते तुम्हाला दिवसा चावतायत की रात्री, हे पण इथे लिहा.