लोखंड कापताय? ब्लेडआधी आरपीएम बघा

ग्रिल आणि गेटचं काम करतो. 14 इंची चॉपसॉवर (हँडल खाली दाबून लोखंड कापायचं मशीन) साधी चकती वापरतो. ठिणग्या फार, बरही (कापलेल्या कडेला राहणारी खरबरीत किनार) फार येते. त्याच मशीनला कार्बाइडच्या दातांचं ब्लेड लावलं तर? — फॅब्रिकेटर, शिरोली

लावू नका. दोन्हीचं भोक बहुधा 25.4 मिमी, त्यामुळे ब्लेड बरोबर बसतं आणि तिथंच घात होतो. चॉपसॉ मिनिटाला 3,800 ते 3,900 फेरे (म्हणजेच आरपीएम) घेतो. चकती धातू घासून कापते, तिला तो वेग लागतोच. तिचा काठ सेकंदाला 70 मीटरहून जास्त पळतो. दाताचं ब्लेड धातू सोलून काढतं, त्याला सावकाश फिरावं लागतं. अशा 14 इंची ब्लेडवर कमाल वेग साधारण 1,800 च्या आसपास छापलेला असतो. म्हणजे तुम्ही ते दुपटीनं पळवणार. माझ्या शेडमध्ये खिळ्याला एक ब्लेड टांगलंय, चार दात उडालेलं. आमच्याच पोरानं घाईत असंच बसवलं होतं. एक दात पत्र्याच्या दारात रुतलेला सापडला. पोरगा बाजूला उभा होता म्हणून वाचला. नवीन माणूस कामाला आला की आधी ते ब्लेड त्याच्या हातात देतो.

दातांच्या ब्लेडचं मशीन वेगळं: कोल्ड कट सॉ, 1,300 ते 1,500 आरपीएमचा. महाग आहे. पण दिवसभर 45 अंशाचे जोड कापत असाल तर घ्याच. तुकडा जवळपास गार निघतो, बर नावाला, ग्राइंडर न मारता सरळ वेल्डिंगला जातो. दिवसाला दहा-बारा कट असतील तर चॉपसॉच ठेवा.

सुतारकामाचा 7 इंची सर्क्युलर सॉ आहे. त्यावर 16 गेजचा (साधारण दीड मिमी जाडीचा) एमएस, म्हणजे साध्या लोखंडाचा, पाइप कापता येईल? — वाचक, संगमेश्वर

लाकडाचा सॉ 5,000 च्या पुढे फिरतो, त्याच मापाचा लोखंडाचा साधारण 3,500 ते 3,800. शिवाय लोखंडाचे तापलेले कण मोटरच्या जाळीतून आत गेले की वाइंडिंगची वाट लागते. एमएससाठी माझं उत्तर नाही. अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन मात्र खुशाल कापा: अ‍ॅल्युमिनियमचंच ब्लेड आणा, त्यावरचा कमाल आरपीएम मशीनपेक्षा जास्त आहे ना ते बघा, दातांना मेण लावा. मेण नसलं तर अ‍ॅल्युमिनियम दातांत चिकटून बसतं. पाइप शिकंज्यात घट्ट हवा, पायाखाली धरलेला नको.

आणि 4 इंची ग्राइंडरला लाकडाचं दाताचं ब्लेड लावायची जी सवय गावोगाव दिसते, ती कृपा करून सोडा. तो 11,000 च्या आसपास फिरतो. ब्लेड अडकलं की मशीन हातात राहत नाही, मांडीवर किंवा गळ्यावर येतं.

कोल्ड कट सॉ घेतला. ब्लेड 66 दातांचं की 80 चं? — वर्कशॉप, लातूर

माल काय त्यावर ठरवा. दीड-दोन मिमीचा पाइप असेल तर 80 किंवा 90 दात. जाड अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी), भरीव पट्टी असेल तर 60-66. पातळ पाइपवर विरळ दात घेतले तर भिंत दोन दातांच्या मधे शिरते आणि दात तुटतो.

अँगल कसा ठेवता हेही तितकंच महत्त्वाचं. कौलारू छपरासारखा, कोपरा वर करून धरा. मग ब्लेडला दोन्ही पाय सारखे लागतात. आडवा टाकला तर एकदम रुंद पत्रा समोर येतो आणि मशीन हिसका देतं. पहिला स्पर्श हळू, मग एकसारखा दाब.

जुन्या चकत्यांचा गठ्ठा पडलाय. वापरू का? — वाचक, चिपळूण

मधल्या लोखंडी कड्यावर महिना-वर्ष कोरलेलं असतं, ते बघा. ती मुदत उलटली असेल किंवा पावसात ओल लागली असेल तर दोन तुकडे करून टाका. नुसती कोपऱ्यात ठेवली तर कुणीतरी उचलून लावतंच.