महोत्सव भरवू पाहणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. आपल्या गावात 'सवाईसारखा' महोत्सव भरवायचा, असे तू लिहिलेस आणि सोबत निमंत्रितांची यादी जोडलीस. यादीतील गवयांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र सवाईची, म्हणजे पुण्यातल्या त्या शास्त्रीय संगीत महोत्सवाची, सुरुवात यादीपासून नव्हे, तर एका पुण्यतिथीपासून झाली, हे आधी ध्यानात घे. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात हा उत्सव सुरू झाला. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर ही गुरुभावंडे घरचे कार्य असावे तशी तेथे वर्षानुवर्षे येऊन गायली. दस्तूरांकडे 'गोपाला' या गीताची फर्माईश तर ठरलेलीच असे. भीमसेनजी स्वतः बहुधा अगदी शेवटी गात, त्यामुळे त्यांच्यासाठी आलेला श्रोता आपोआप नवख्यांनाही ऐकत असे. क्रम लावण्यातले हे शहाणपण तू अवश्य उचल.

पूर्वी हा उत्सव रात्रभर चाले. डिसेंबरच्या थंडीत रमणबागेच्या मैदानावर मफलर गुंडाळून, थर्मासमधला चहा शेजाऱ्याला देत आम्ही भारतीय बैठकीत बसायचो. मांडवाच्या खांबाला टेकून घोरणारे एक गृहस्थ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमके जागे होऊन मान हलवायचे, ते मला अजून आठवते. पुढे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधने आली आणि मैफली दुपारी सुरू होऊ लागल्या. त्यामुळे मुलतानी, पटदीप या दुपारच्या रागांना हक्काची वेळ मिळाली. मात्र उत्तररात्रीचे राग आणि पहाटेचा ललत त्यांच्या वेळेला ऐकण्याचे सुख गेले, याची हळहळ माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना वाटणारच. तुझ्या गावीही दहाची मर्यादा आहेच, तेव्हा राग आणि घड्याळ यांचा मेळ आधी घाल, मग कलाकारांशी बोल. आणि नवोदिताला वीस मिनिटांत उरकायला लावू नकोस. तेवढ्यात संथ लयीतला विलंबित ख्याल जेमतेम उभा राहतो.

२०११ मध्ये भीमसेनजी गेले, उत्सवाच्या नावात त्यांचेही नाव आले आणि पुढे रमणबाग सोडून तो मुकुंदनगरला गेला. समारोपाला सवाई गंधर्वांची 'बिन देखे पडे नहीं चैन' ही भैरवीतील जुनी ध्वनिमुद्रिका लावण्याची प्रथा आहे. खरखरत्या तबकडीतून येणारा तो आवाज ऐकताना, इतके दिवस आपण कोणाच्या घरी बसलो होतो, ते कळते.

म्हणूनच विचारतो. तुझ्या यादीत, तुला सरगम शिकवणाऱ्या आणि गेल्या वर्षी निवर्तलेल्या पेटीच्या मास्तरांचा उल्लेख कोठेच कसा नाही? त्यांचे शिष्य सध्या कोठे कोठे आहेत, तेवढे आधी शोधून मला कळव.

तुझा,
काका