पैसे भरून छापलेला पेपर बोगस निघाला. आता पीएचडीचं काय?

केळीच्या पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एक ताई. विषय वनस्पतिशास्त्र, पीएचडीचं चौथं वर्ष. समोर बसल्यावर त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरमधलं प्रमाणपत्र काढलं. सोनेरी किनार, कोपऱ्यात गोल शिक्का आणि शिक्क्यात 'इम्पॅक्ट फॅक्टर 7.8' (जर्नलमधल्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती वेळा संदर्भ येतो, तो आकडा). एका जर्नलला, म्हणजे संशोधन-नियतकालिकाला, पेपर (शोधनिबंध) पाठवल्यापासून सव्वीस तासांत स्वीकृतीचा मेल, अठरा हजार रुपये फी, नवव्या दिवशी प्रसिद्धी. चार महिन्यांनी दुसऱ्या महाविद्यालयातल्या मैत्रिणीने फोन करून सांगितलं, "अगं, ते जर्नल नकली आहे. खऱ्याच्या नावाने दुसऱ्याच कुणी साइट काढली आहे." तेव्हापासून झोप नाही, प्रयोगशाळेत पाऊल नाही आणि मार्गदर्शक सरांचा फोन तीन आठवडे उचललेला नाही.

त्यांचा प्रश्न एका ओळीचा होता. "माझी पीएचडी गेली ना?"

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून संशोधक हाच प्रश्न थोड्याफार फरकाने घेऊन आमच्याकडे सल्ल्याला येतात. म्हणून ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून ही केस मांडतो.

पीएचडी गेलेली नाही. पण तेवढं सांगून भागत नाही, कारण घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोळी झालेली असते: केलेलं काम, छापलेला पेपर आणि मिळणारी पदवी. पहिली बैठक ही मोळी सोडवण्यातच गेली.

काम खरं होतं. केळीच्या पानांवर येणारा करपा, म्हणजे सिगाटोकाची बुरशी, वेगळी करून त्यांनी ती काचेच्या बशीतल्या पोषक माध्यमावर वाढवली होती. काही वनस्पतींच्या पानांचा इथेनॉलमधला अर्क माध्यमात मिसळायचा, मध्ये बुरशीची 5 मिलिमीटरची चकती ठेवायची आणि वाढीचा व्यास मोजत जायचा, ही सर्वमान्य पद्धत. ही बुरशी हळू वाढते, त्यामुळे एकेका फेरीला आठवडे लागतात. वहीत रोजच्या नोंदी होत्या, तारखांसकट. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या मृगबागेतल्या आणि त्यानंतर लावलेल्या कांदेबागेतल्या अशा दोन्ही बागांचे नमुने तपासलेले. पेपरात मात्र फक्त मृगबागेचे निष्कर्ष गेले होते. ही गोष्ट पुढे फार कामाला आली.

पेपर म्हणजे वाया गेलेले पैसे, आणि काही बाबतीत त्याहून थोडं जास्त. त्याकडे पुढे येतो.

पदवीचं गणित आकड्यांत मांडलं की धाप कमी होते. पीएचडीसंबंधीच्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर 2022 च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती उरलेली नाही. विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं आणि आधीच्या नोंदणीला आधीचे नियम लागू शकतात, म्हणून आपल्या नोंदणीच्या तारखेला कोणती नियमावली लागू होती ते पीएचडी विभागातून लेखी घ्यावं. व्हॉट्सॲप ग्रुपवरचं उत्तर चालत नाही. आता नोकरी. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना पीएचडीला 25 गुण आहेत. पेपरला प्रत्येकी 2, पण सगळे मिळून जास्तीत जास्त 6. म्हणजे तीन पेपर झाले की चौथ्याला शून्य. अठरा हजार रुपये 2 गुणांसाठी गेले होते. हे ऐकून ताई पहिल्यांदा हसल्या, जरा कडवट.

मग ही घाई येते कुठून? बढतीच्या गुणांसाठी त्याच नियमावलीत जो तक्ता आहे त्यात इम्पॅक्ट फॅक्टर वाढेल तसे पेपरचे गुण वाढतात. हा आकडा ठरावीक अधिकृत यादीतलाच धरायचा असतो, पण फाइल पाहणारे पुष्कळदा आकडा पाहतात, यादी पाहत नाहीत. त्या फटीतच शिक्क्यातला 7.8 राहतो. अधिकृत इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जाहीर करते. 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल' अशी विशेषणं लागलेले बाकीचे आकडे कुणीही कुणालाही विकतं.

दुसऱ्या बैठकीला लॅपटॉप उघडून जर्नल खरं की नकली ते ताईंनाच तपासायला लावलं. आपल्या हाताने तपासलं की भीतीच्या जागी राग येतो, आणि राग निदान कामाला लावतो.

आधी आयएसएसएन, म्हणजे प्रत्येक नियतकालिकाला मिळणारा ओळख क्रमांक. हा क्रमांक म्हणजे गाडीची नंबरप्लेट. गाडी आहे एवढं कळतं, इंजिन कसं आहे ते नाही. आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर क्रमांक टाकला तर प्रकाशक दुसऱ्याच देशातली एक विद्वत्सभा निघाली. मग स्कोपस या शोधनिबंधांच्या आंतरराष्ट्रीय सूचीची स्रोत-यादी, म्हणजे तिने घेतलेल्या जर्नलांची यादी. ती पाहायला पैसे किंवा सदस्यत्व लागत नाही. तिथे त्याच क्रमांकाचं जर्नल होतं, पण समावेश काही वर्षांपूर्वीच थांबलेला. मग डीओआय, म्हणजे एकेका पेपरला मिळणारा कायमचा ऑनलाइन क्रमांक. पेपरवर 10 ने सुरू होणारा लांब क्रमांक छापलेला होता. डीओआयच्या साइटवर टाकल्यावर असा क्रमांकच नाही असं उत्तर आलं. (उलटही लक्षात ठेवावं. डीओआय चालला म्हणून जर्नल चांगलं ठरत नाही, तो क्रमांक विकत मिळतो.) शेवटी जुने अंक. खरं जर्नल तिमाही, अंकात आठ-दहा लेख. नकली साइटवर एका महिन्यात शंभरावर पेपर, आणि त्यांत वनस्पतिशास्त्राला खेटून जीएसटी, ग्रंथालयशास्त्र आणि योगासनं. फी गेली होती ती एका व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर.

ताई म्हणाल्या, "सर, त्यांनी मला यूजीसी केअरचं म्हणून सांगितलं होतं." केअर ही मान्य जर्नलांची यादी यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली आणि जर्नल पारखण्याचे निकष देऊन निवडीची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर टाकली. 'केअर लिस्टेड' असं मिरवणाऱ्या जाहिराती मात्र चालूच आहेत. यादी होती तेव्हाही तिच्यातल्या जर्नलांच्या नकली साइट निघत होत्याच.

इथे एक कटू गोष्ट बोलावी लागते. सव्वीस तासांत आलेल्या स्वीकृतीत परीक्षकाचा अभिप्राय एका ओळीचा होता: पेपर चांगला आहे, स्वीकारावा. तो वाचताना काही खटकलं का, असं विचारल्यावर ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "खटकलं होतं. पण सरांनी दोनदा विचारलं होतं, काही छापलं का म्हणून." हे ओठांवर आलं की पुढचं सोपं जातं. मी साफ फसले, माझा काहीच दोष नाही, असं म्हणत राहणारा माणूस मार्गदर्शकासमोर उभा राहू शकत नाही. आतून त्याला माहीत असतं.

त्या आठवड्यात ताईंनी जर्नलला फोन करून पेपर काढायला सांगितलं होतं. उत्तर आलं, काढण्याची फी बारा हजार, नाहीतर विद्यापीठाला कळवू. हे नेहमीचं आहे. द्यायचे नाहीत. पैसे दिले तरी पेपर निघेलच असं नाही. घाबरून पैसे देणारं गिऱ्हाईक म्हणून नाव मात्र पक्कं होतं. फोन बंद, व्यवहार फक्त मेलवर. सगळे मेल, पावती, साइटची छायाचित्रं आणि पेपरची पीडीएफ एका फोल्डरमध्ये. पेपर मागे घेत असल्याचा एक मेल, पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, नंतर आणखी एक. उत्तर येणार नाही, पण आपण मागणी केली होती हे कागदावर राहतं. खऱ्या जर्नलच्या संपादकांनाही कळवायचं, त्यांच्या नावाचा गैरवापर चालला आहे. सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर किंवा पोर्टलवर तक्रारही करायची. पैसे नुकतेच गेलेले असतील तर ती रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. चार महिन्यांनी फारशी आशा नसते, तरी तक्रारीचा क्रमांक विद्यापीठाच्या पत्राला जोडता येतो.

आणि 'विद्यापीठाला कळवू' या धमकीवर सरळ उपाय, विद्यापीठाला आपणच आधी कळवायचं.

हे पत्र बैठकीतच लिहिलं. ताईंचा पहिला मसुदा दोन पानांचा होता. त्यात घरची परिस्थिती, सासूबाईंचं आजारपण, सगळं. शेवटी चार वाक्यं राहिली. अमुक तारखेला अमुक शीर्षकाचा पेपर अमुक जर्नल समजून पाठवला. ते त्या जर्नलचं नकली संकेतस्थळ असल्याचं अमुक तारखेला लक्षात आलं. पेपर मागे घेण्याची मागणी केली आहे, पुरावे जोडले आहेत. हा पेपर मी कोणत्याही गुणांकनासाठी वापरणार नाही आणि हे पत्र संशोधन सल्लागार समितीसमोर ठेवावं, ही विनंती. माफीनामा नाही, रडगाणं नाही.

पत्र देण्याआधी ते मार्गदर्शक सरांसमोर बोलायचं कसं, याचा तीन वेळा सराव केला. प्रत्यक्षात सर पत्र वाचून म्हणाले, "पेपरवर नाव माझंही आहे." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "मीही वाचायला पाहिजे होतं." मार्गदर्शक दरवेळी इतके सरळ निघत नाहीत, काही चिडतात, काही 'गप्प बसा, कुणाला कळतंय' म्हणतात. गप्प बसण्याचा सल्ला मानू नये. पत्राची पोच घ्यावी.

घरी मात्र सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला होता: "पैसा ग्यात ते ग्यात, आते रडू नको."

आता त्या 'थोडं जास्त'बद्दल. पेपर छापून आल्यावर महाविद्यालयाने बातमी दिली होती. स्थानिक वर्तमानपत्रात मथळा आला की केळीवरचा करपा आता घरगुती अर्काने जाणार. रावेर-यावलकडच्या चार-पाच शेतकऱ्यांचे फोन आले, पंपाला किती टाकायचं म्हणून. काम झालं होतं काचेच्या बशीत. शेतात एक फवारणीसुद्धा नव्हती. करप्याच्या हंगामात एखाद्याने नेहमीची फवारणी सोडून पाल्याचा रस मारला तर पानं जातील, आणि पानं गेली की घड पोसत नाही. पेपर नकली जर्नलमध्ये गेल्याची लाज ताईंना खात होती. या फोनांचं त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. प्राधान्य उलटं हवं, असं आम्हाला वाटलं आणि आम्ही तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी साध्या मराठीत अर्धं पान लिहिलं: काय तपासलं, कुठे तपासलं, शेतात तपासलेलं नाही, चालू फवारणी बंद करू नका, कृषी विज्ञान केंद्राला विचारा. ते वर्तमानपत्राला दिलं आणि फोन केलेल्या शेतकऱ्यांनाही पाठवलं. खुलासा आतल्या पानावर चार ओळींत आला. शेतकऱ्यांपैकी एकाने मात्र उलट फोन करून विचारलं, "मग चरक्यावर चालतं का हो?" थंडीने पान चरकणं आणि बुरशीचा करपा यात फरक काय, हे ताईंनी त्याला वीस मिनिटं समजावलं. त्या दिवशी त्या बऱ्याच महिन्यांनी स्वतःच्या विषयावर बोलल्या.

पुढचा पेच असा की तीच माहिती दुसरीकडे छापता येते का? जशीच्या तशी, गुपचूप, नाही. नकली का असेना, मजकूर उघड्यावर आहे, आणि स्वतःचंच आधी छापलेलं लिखाण उल्लेख न करता पुन्हा छापणं चालणार नाही, असं यूजीसीने एप्रिल 2020 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. प्रबंधात ते प्रकरण येऊ शकतं, काम त्यांचंच आहे. पण साम्य तपासणारं सॉफ्टवेअर त्या पेपरशी जुळणी दाखवेल. 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यावर यूजीसीच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या 2018 च्या नियमांतले टप्पे सुरू होतात. म्हणून मजकूर नव्याने लिहायचा, आधीच्या पेपरचा उल्लेख करायचा आणि जुळणी स्वतःच्याच पेपरशी आहे, हे मार्गदर्शकांच्या सहीने जोडायचं.

नव्या पेपरसाठी कांदेबागेचे निष्कर्ष होते. दोन्ही बागांची तुलना, नवं सांख्यिकी विश्लेषण, आणि संपादकांना लिहिलेल्या पत्रात आधीच्या प्रकरणाचा दोन वाक्यांत उल्लेख. एका जर्नलने याच कारणाने नाही म्हटलं. दुसरं निवडताना खुल्या जर्नलांच्या डीओएजे या सूचीत 'लेखकाकडून शुल्क नाही' ही चाळणी लावली आणि त्यातल्या तीन जर्नलांचे गेल्या वर्षभराचे अंक विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून चाळले.

सव्वाचार महिन्यांनी निवडलेल्या जर्नलकडून उत्तर आलं. ताईंनी रात्री साडेदहाला मेल पुढे पाठवला, खाली एकच ओळ: "सर, तेवीस चुका काढल्या आहेत." चुका नव्हत्या, परीक्षकांचे प्रश्न होते, आणि निर्णय मोठ्या दुरुस्तीनंतर पुन्हा पाठवा असा होता. तिसरा प्रश्न होता, अर्क इथेनॉलमध्ये काढला आहे, मग नुसतं इथेनॉल घातलेलं कंट्रोल (तुलनेसाठीची बशी) कुठे आहे? बुरशी अर्काने थांबली की इथेनॉलने, ते कशावरून ठरवलं?

वहीत ते कंट्रोल नव्हतं. आधीच्या परीक्षकाने विचारलंही नव्हतं. पुन्हा फेरी लावावी लागणार होती, ताज्या नमुन्यांवर. तेव्हा मे चालू होता. पाऊस पडून पानांवर ठिपके दिसायला अजून दोन महिने होते.