फुकट आणि खुला पर्याय आला की पैसे घेणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्या नेमकं काय करतात?

तुमचा प्रश्न असा, की ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असा, पर्याय समोर आला की या कंपन्या आपलं सॉफ्टवेअर सुधारतात की भाव उतरवतात. शिवाय तुमच्या ऑफिसात मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस हे खुलं सॉफ्टवेअर आणायची चर्चा चाललीय, असंही तुम्ही लिहिलंय. म्हणून आधी माझ्यावर गुदरलेलं सांगतो.

मी बरीच वर्षं डेटाबेस सांभाळतोय. एका वर्षी आम्ही दोन लहान अ‍ॅप्लिकेशन्स पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेसवर हलवून पाहिली आणि ते आमच्या विकतच्या डेटाबेसच्या विक्रेत्याच्या कानावर गेलं. आदल्या वर्षी एक टक्कासुद्धा सूट न देणारा माणूस पुढच्या बैठकीला निम्म्या भावाचं कोटेशन घेऊन हजर. अट एकच, करार तीन वर्षांचा. आम्ही विचार करायला वेळ मागितला, तर दोन आठवड्यांत लायसन्स ऑडिटचं, म्हणजे घेतलेल्या परवान्यांपेक्षा जास्त वापर तर होत नाही ना याच्या तपासणीचं, पत्र आलं. योगायोग असेलही! पण या सगळ्यात त्याने पोस्टग्रेसला एकदाही नावं ठेवली नाहीत. त्याने एवढंच विचारलं, "तुमच्या स्टोअर्ड प्रोसिजर किती आहेत?" म्हणजे डेटाबेसच्या आतच साठवलेले छोटे प्रोग्रॅम. आम्ही मोजल्या. सातशेच्या वर निघाल्या, सगळ्या त्याच्याच डेटाबेसच्या भाषेत लिहिलेल्या. घोडं तिथेच पेंड खात होतं. आम्ही सही केली.

तेव्हापासून मी या कंपन्यांच्या वागण्याकडे एकाच नजरेने बघतो: गिऱ्हाइकाला सोडून जाणं किती महाग पडेल, यावर त्या काय करताहेत?

बाकी आरडाओरडा बराचसा वाया जातो. १९९८ साली मायक्रोसॉफ्टचं एक अंतर्गत टिपण फुटलं. ते 'हॅलोविन डॉक्युमेंट्स' या नावाने ओळखलं जातं. लोकांच्या मनात शंका पेरण्याचं नेहमीचं हत्यार ओपन सोर्सवर चालणार नाही, असं त्यात कंपनीच्याच माणसाने लिहून ठेवलं होतं. तरी २००१ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमला कर्करोगाची उपमा दिली आणि २००७ मध्ये लिनक्ससह खुलं सॉफ्टवेअर आमच्या २३५ पेटंटांचा भंग करतं, असा कंपनीने दावा केला. ती पेटंटं कोणती, याची यादी मात्र कधी दिली नाही. लिनक्स सर्व्हरवर पसरतच राहिलं.

त्याच टिपणात दुसरा एक सल्ला होता आणि तो खरा धारदार होता: सगळ्यांना खुले असलेले प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम, आपल्या पद्धतीने वाढवा, म्हणजे इतरांना त्यांच्याशी जुळवून घेणं अवघड होईल. तुमच्या कामाची गोष्ट इथे आहे. ओपनडॉक्युमेंट हा खुला फाइल फॉरमॅट २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक झाला. सरकारी कार्यालयं खुल्या मानकाचा आग्रह धरू लागली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने स्वतःचा ओओएक्सएमएल फॉरमॅट मानकासाठी पुढे केला. कागदपत्रं सहा हजार पानांची! बऱ्याच वादावादीनंतर २००८ मध्ये त्यालाही आयएसओची मान्यता मिळाली. त्याचे दोन अवतार ठरले, एक काटेकोर आणि एक 'ट्रान्झिशनल', म्हणजे जुन्या फायलींची ओझी वाहणारा. नाव संक्रमणाचं, पण मायक्रोसॉफ्ट ऑफिस आजही, आपण वेगळं निवडलं नाही तर, त्याच अवतारात फाइल जतन करतं. म्हणजे "आमचा फॉरमॅट खुला आहे" हे खरं, आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडल्यावर तुमचा तक्ता सरकतो हेही खरं. दोष मात्र तुमच्या सहकाऱ्यांना लिब्रेऑफिसचाच वाटणार.

भाव उतरवणं तर असतंच. म्युनिक महापालिका २००३ मध्ये लिनक्सकडे निघाली, तेव्हा बाल्मर स्वतः महापौरांना भेटायला गेले आणि किमतीही खाली आणल्या. पालिका तरी लिनक्सकडे गेली, पण २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचं ठरलं.

पर्यायाच्या पायाखालची जमीनच विकत घ्यायची, हा ओरॅकल या विकतचा डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीचा मार्ग. मायएसक्यूएल या खुल्या डेटाबेसला भरवशाचे व्यवहार ज्या इनोडीबी इंजिनामुळे जमत होते, ते बनवणारी कंपनी ओरॅकलने २००५ मध्ये घेतली. पुढे २०१० मध्ये मायएसक्यूएलची तेव्हाची मालक कंपनी सन घेतली, आणि मायएसक्यूएलच हाती आलं. पण खुल्या कोडचं हेच गंमतीदार आहे. मालक बदलला तरी लोक कोड उचलून चालू पडतात. मायएसक्यूएलच्या कोडमधून मारियाडीबी तशीच जन्मली, आणि सनबरोबर आलेल्या ओपनऑफिसमधून २०१० मध्ये लिब्रेऑफिस वेगळं झालं. तुमच्या चर्चेतला पर्याय म्हणजे अशाच एका खरेदीची निष्पत्ती.

आता सगळ्या कंपन्या ओपन सोर्सच्या प्रेमात दिसतात. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलर मोजून गिटहब हे खुला कोड ठेवायचं संकेतस्थळ घेतलं. मला यात मनपरिवर्तन फारसं दिसत नाही. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून, मशीन भाड्याने दिलं की आत विंडोज चालो वा लिनक्स, भाडं येतंच. त्यांच्याच व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्रॅमकडे बघा. कोड खुला आहे, पण आपण डाउनलोड करतो त्या तयार प्रोग्रॅमचं लायसन्स वेगळं आहे, आणि एक्स्टेन्शनचं, म्हणजे त्याला जोडायच्या जादा सोयींचं, मार्केटप्लेस त्यांच्याच उत्पादनांतून वापरायची अट आहे. कुंपण फक्त दोन पावलं मागे सरकलंय.

आणि हा स्वभाव फक्त जुन्या कंपन्यांचाच नाही. मोंगोडीबी आणि रेडिस या खुल्या डेटाबेसच्या कंपन्या. आपला कोड मोठ्या क्लाउड कंपन्या सेवा म्हणून विकताहेत म्हटल्यावर मोंगोडीबीने २०१८ मध्ये, तर रेडिसने २०२४ मध्ये लायसन्स आवळलं.

तेव्हा तुमच्या ऑफिसात दोन्ही प्रोग्रॅमच्या सोयींची तुलना करत बसण्याआधी मॅक्रो, म्हणजे फायलींत लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, मोजा. किती एक्सेल फायली मॅक्रोवर चालतात, त्या कुणी लिहिल्या, ती माणसं अजून तिथे आहेत का, हे बघा. बाहेरच्यांना रोज पाठवाव्या लागणाऱ्या फायली वेगळ्या काढा. विक्रेता हा हिशेब तुमच्या आधी करून येतो.

आम्ही त्या तीन वर्षांत नवीन प्रोसिजर लिहिणं बंद केलं आणि जुन्या एकेक करून अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमध्ये हलवल्या. पुढच्या नूतनीकरणाला तोच माणूस आला, प्रश्नही तोच. या वेळी आकडा एकशे चाळीस होता. सूट किती हवी, हे त्यानेच आम्हाला विचारलं.