बदलत चाललेल्या वस्तीचे आणि भित्तिचित्रांचे फोटो काढायला सुरुवात कुठून करावी?

एकच कोपरा निवडा आणि तिथे पुन्हा पुन्हा जा. शहरभर भटकून काढलेले फोटो देखणे असतात, पण बदल दिसतो तो एकाच जागेच्या दोन फोटोंत. छायाचित्रकार कामिलो होसे व्हेर्गारा यांनी १९७० च्या दशकापासून अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांमध्ये नेमकं हेच केलं: तीच जागा, वर्षानुवर्षं.

त्यासाठी उभं राहायची जागा पक्की हवी. पायाखालची फरशी, समोरचा खांब असं काहीतरी वहीत लिहून ठेवा, लेन्सही तीच वापरा. ३५ मिमी पुरेशी आहे.

भित्तिचित्र नुसतं चौकटीत भरू नका, ती चित्राची नक्कल होते. थोडं मागे सरका, फूटपाथ आणि शेजारचं दार येऊ द्या, कुणीतरी समोरून जाईपर्यंत थांबा. माझ्याकडे एका भिंतीचे तीन फोटो आहेत. पहिल्यात बाईचा रंगवलेला अख्खा चेहरा, दुसऱ्यात गालावरून पाण्याचा पाइप उतरलेला, तिसऱ्यात डोळ्याच्या जागी भिंत फोडून खिडकी केलेली. तिसरा काढताना खरंच पोटात तुटलं.

उजेड सकाळचा किंवा ढगाळ दिवसाचा घ्या, भर उन्हात रंग फिके पडतात. चालत्या माणसांसाठी शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको. फोटो विकायचा किंवा जाहिरातीत वापरायचा असेल तर चित्रकाराची परवानगी घ्या. भिंत रस्त्यावर असली तरी चित्राचा हक्क बहुधा त्याच्याकडेच असतो.

आणि तिथल्या लोकांशी आधी बोला, कॅमेरा नंतर काढा. कुणी नको म्हटलं तर तो फोटो सोडून द्या.